तासांचा हिशेब तुटू नये

पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची मासेमारी बंदी असते. या काळात नौका किनाऱ्याला लागतात आणि डागडुजी सुरू होते. जाळी, रंग, पंखा, इंजिन यांवर नाखव्याचा खिसा रिकामा होत असताना इंजिनाचे तास मोजणाऱ्या, पॅनेलवरच्या बंद अवर मीटरकडे कोण पाहणार? इंजिन चालतेच आहे, मग घाई कशाची, असे वाटणे स्वाभाविक आहे. तरीही मीटरचे काम पुढे ढकलू नये.

गाडीची झीज किलोमीटरवरून कळते, समुद्रात ते माप निरुपयोगी ठरते. ट्रॉल जाळे ओढताना नौका अडीच-तीन नॉटने सरकते, पण इंजिनावर भार मोठा असतो. म्हणूनच ऑइल, फिल्टर, पाण्याच्या पंपाचा इंपेलर बदलण्याची मुदत इंजिनाच्या पुस्तिकेत तासांत दिलेली असते. मीटर थांबले की ही मुदत तांडेलाच्या आठवणीवर येते.

मीटर बदलण्याआधी दोष खरोखर त्याचाच आहे का, हे पाहावे. इंजिन चालू असताना मीटरच्या टोकांवर मल्टिमीटर लावला आणि बॅटरीइतका दाब मिळाला, तरी आकडा हलत नसेल, तर मीटर गेले. दाबच नसेल तर फ्यूज, अर्थिंग किंवा खाऱ्या हवेने गंजलेले टोक तपासावे. नवे मीटर आणूनही तिथे उपयोग होणार नाही. नवे घेताना १२ की २४ व्होल्ट, आणि पॅनेलमधल्या भोकाचा व्यास, या दोन गोष्टी जुळाव्यात. वायर सोडण्यापूर्वी बॅटरीचा मुख्य स्विच बंद करावा.

जोडणी कुठून केली, यालाही महत्त्व आहे. वीज थेट चावीवरून घेतली, तर इंजिन बंद असताना चावी चालू राहिल्यास तेही तास मोजले जातात. ऑइलचा दाब आल्यावरच जुळणाऱ्या स्विचमधून घेतली, तर इंजिन फिरल्याचेच तास नोंदले जातात.

खरी गफलत मात्र यानंतर होते. नवे मीटर शून्यापासून सुरू होते आणि जुना आकडा भंगारात जातो. जुने मीटर उतरवण्याआधी त्या आकड्याचा फोटो काढावा, तो वहीत तारखेसह लिहावा आणि नव्या मीटरशेजारी चिकटवावा. मधले न मोजलेले तास डिझेलवरून काढता येतात. समजा, इंजिनाला सरासरी ताशी १० लिटर लागते आणि मीटर बंद असताना २,००० लिटर जळले, तर सुमारे २०० तास धरावेत. डिझेलच्या करपरताव्यासाठी जपलेली बिले इथे कामी येतात. हा आकडा अंदाजाचा असल्याने वहीतही ‘अंदाजे’ असेच लिहावे.

मीटरलाही मर्यादा आहे. नांगरावर सुस्त चाललेला तास आणि जाळे ओढतानाचा तास त्याला सारखेच. म्हणून तासांच्या जोडीला डिझेलची नोंद हवी. जुनी नौका विकत घेणाऱ्याने पॅनेलवरचा कमी आकडा पाहून हुरळून न जाता ही वही मागावी. मच्छीमार सहकारी संस्थांनी डिझेलच्या नोंदीबरोबरच इंजिनाचे तास लिहिण्याची पद्धत पाडली, तर सभासदांवर खर्चाचा बोजा न टाकता ही शिस्त रुजेल.