कौल सार्वभौमत्वाचा, हिशेब स्थलांतराचा

२३ जून २०१६ रोजी ब्रिटनच्या ५१.९ टक्के मतदारांनी युरोपीय संघ सोडण्याचा कौल दिला, तेव्हा अनेक विद्वानांनी ‘वंशद्वेष’ या एका शब्दात त्याची वासलात लावली. निदान सोयीचे होते, पुरेसे नव्हते. २००४ मध्ये पोलंडसह आठ नव्या सदस्यदेशांसाठी ब्रिटनने आपला श्रमबाजार तत्काळ खुला केला. वर्षाला फार तर १३ हजार लोक येतील, असा सरकारसाठी झालेल्या अभ्यासाचा अंदाज होता. आले लाखो! आपल्या देशात कोणी यावे हे वेस्टमिन्स्टरने ठरवायचे की ब्रुसेल्सने, हा मतदाराचा प्रश्न होता. स्वतःला राष्ट्र म्हणवणाऱ्या समाजाने तो विचारण्यात गैर ते काय?

मात्र प्रश्न रास्त असला म्हणून हिशेब जुळतोच असे नाही. ३१ जानेवारी २०२० रोजी ब्रिटन बाहेर पडले. युरोपीय ओघ आटला. पण जून २०२३ अखेरच्या वर्षात निव्वळ स्थलांतर ९ लाखांच्या घरात गेले. त्यात भारतीय मोठ्या संख्येने होते, आपली पुण्या-मुंबईची मुलेही. हे परवाने लंडननेच दिले होते. रुग्णालयांना परिचारिका हव्या होत्या, वृद्धांना सेवक, विद्यापीठांना शुल्क. याची वाच्यता प्रचारात क्वचितच झाली होती. जुलै २०२४ मध्ये हुजूर पक्ष सत्तेबाहेर फेकला गेला, त्यामागे हेही एक कारण होते.