आम्लपित्त : गोळी स्वस्त, वेळ महाग

वर्धा जिल्ह्याच्या सेलू तालुक्यातील हिंगणी हे बोर अभयारण्याच्या परिसरातले गाव. अशा गावाच्या संदर्भात आम्लपित्ताची चर्चा करणे अनेकांना अप्रस्तुत वाटेल. छातीत जळजळणे, घशाशी आंबट येणे ही दुखणी शहरातील बैठ्या आणि सुखवस्तू माणसांची, असा समज रूढ आहे. परंतु जंगलकाठच्या शेतकऱ्याचा दिवस डोळ्यांसमोर आणला, तर हा समज टिकत नाही. रानडुकरांपासून पीक राखण्यासाठी रात्रीची जागल, झोप येऊ नये म्हणून चहा आणि खर्रा, कृषिपंपाची वीज रात्रपाळीत असली की ओलितासाठी धावपळ, आणि यातून सवड मिळेल तेव्हा घाईने उरकलेले जेवण! वर्ध्याला किंवा नागपूरला नोकरीसाठी रोज ये-जा करणाऱ्या कारकुनाची आणि शिक्षकाची कथाही फारशी निराळी नाही. सकाळी तर्रीपोहे, दिवसभरात चार-पाच चहा, रात्री साडेनऊला भरपेट जेवण आणि दहाला अंथरूण. सर्वांना वाढून शेवटी जेवणाऱ्या गृहिणीला तर तेवढाही अवधी मिळत नाही.

या विकाराचे मूळ समजावून घेणे अवघड नाही. अन्ननलिका जठराला जेथे मिळते तेथे स्नायूंची एक झडप असते. ती सैल पडली, अथवा भरलेल्या जठराचा किंवा सुटलेल्या पोटाचा दाब तिच्यावर आला, की जठरातील आम्ल वर चढते. बसलेल्या माणसात गुरुत्वाकर्षण ते खाली ठेवते. आडवे होताच तो आधार जातो. तंबाखू, मद्य आणि अतिस्निग्ध अन्न ही झडप ढिली करतात. ‘माधवनिदान’ या प्राचीन वैद्यकग्रंथाने आम्लपित्ताला स्वतंत्र विकार मानून त्याचे ऊर्ध्वग आणि अधोग असे भेद केले आहेत. आम्ल वर चढण्याची ही पीडा आजची नाही, एवढे यावरून दिसते.

मग घरगुती उपायांचे मोल काय? येथे थोडा विवेक हवा. थंड दुधाने क्षणभर बरे वाटते, पण पुढे तेच दूध जठराला अधिक आम्ल स्रवण्यास प्रवृत्त करू शकते. खाण्याचा सोडा आम्ल तत्काळ मारतो; परंतु त्यातील सोडियम रक्तदाबाच्या रुग्णाला रोज परवडणारे नाही. थंडावा देणारा म्हणून नावाजलेला पुदिना झडप सैल करून काहींचा त्रास वाढवतो. जेवणानंतर बडीशेप चावण्याची चाल मात्र बरी. तिने लाळ सुटते आणि गिळलेली लाळ आम्ल काहीसे सौम्य करते.

खरे गुणकारी उपाय स्वयंपाकघरातील डब्यांत नसून दिनचर्येत आहेत. रात्रीचे जेवण आणि झोप यांत दोन-तीन तासांचे अंतर ठेवावे आणि ते जेवण हलके असावे. वाढलेले वजन उतरवावे. खाटेचे उशाकडील पाय दोन विटांवर ठेवावेत. केवळ उशा रचल्याने पोट दुमडते आणि दाब वाढतो. जमिनीवर निजणाऱ्याने डाव्या कुशीवर निजावे, कारण त्या स्थितीत जठर अन्ननलिकेच्या खाली राहते. खर्रा आणि विडी सोडावी. मिरचीवर सरसकट बंदी घालण्याचे कारण नाही; ज्याला जो पदार्थ बाधतो तो त्याने टाळावा. याच जिल्ह्यातील सेवाग्रामला 1936 साली येऊन राहिलेल्या गांधीजींनी 1915 मध्ये हरिद्वारला अंधार पडल्यावर न जेवण्याचे व्रत घेतले होते. त्यांचा हेतू संयमाचा होता. पण त्या व्रतातील शहाणपण जठरालाही लागू पडते.

या उपायांना पैसा जवळजवळ लागत नाही. तरीही लोक गोळीकडेच का वळतात? कारण पैसा लागत नसला तरी वेळ लागतो, आणि वेळेलाच आज सर्वांत अधिक किंमत आहे. सायंकाळी सातला जेवायचे तर कोणाला शिकवणी सोडावी लागेल, कोणाला ओलित. अर्थशास्त्रात ज्याला संधी-खर्च म्हणतात तो हाच. त्यापुढे औषधाच्या दुकानातील काही रुपयांची गोळी स्वस्तच ठरते.

ही स्वस्ताई फसवी आहे. पॅन्टोप्रॅझोलसारखी औषधे उपयुक्त आहेत, याबद्दल वाद नाही. वैद्याने सांगितली असतील तर ती आपल्या मनाने बंदही करू नयेत. पण सल्ल्यावाचून वर्षानुवर्षे ती घेत राहणे वेगळे. एके काळी घरोघरी असलेले रॅनिटिडीन 2022 मध्ये राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीतून वगळले गेले, हे विसरू नये. अंगदुखीसाठी वेदनाशामक गोळी आणि तिने पोट जळते म्हणून दुसरी, हे दुष्टचक्रही श्रमिकांत दिसते. गिळताना अडकणे, काळे शौच, रक्ताची उलटी किंवा विनाकारण वजन घटणे ही घरगुती उपचारांची लक्षणे नव्हेत. हात, जबडा यांकडे जाणारी किंवा घामासह येणारी छातीतील वेदना ‘गॅस’ समजून सोड्यावर भागवणे तर जिवावर बेतू शकते. तेथे तडक रुग्णालयच गाठले पाहिजे.

तेव्हा ‘वेळेवर जेवा’ हा उपदेश पुरेसा नाही. वेळेवर जेवता येईल अशी व्यवस्थाही हवी. शेतीला दिवसा वीज मिळावी म्हणून 2017 मध्ये मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना सुरू झाली. तिच्याकडे आरोग्याच्या दृष्टीनेही पाहिले पाहिजे. वन्यप्राण्यांपासून पिकाचे संरक्षण झाले, तर जागल कमी होईल. 1974 पासून दारूबंदी असलेल्या या जिल्ह्याने खर्ऱ्याचाही तितक्याच गांभीर्याने विचार करावा. आणि घरातील सर्वांनी एकत्र बसून दिवेलागणीला जेवावे, म्हणजे गृहिणीचे ताट शेवटी राहणार नाही. यासाठी मात्र कोणत्याही सरकारी योजनेची वाट पाहावी लागत नाही.