मूत्रपिंडाची चाचणी कोणाच्या हाती?

रायपूरहून बिलासपूरच्या रस्त्याने उत्तरेकडे निघाले की सिलतरा औद्योगिक क्षेत्र लागते. येथील स्पंज आयर्नच्या फिरत्या भट्ट्यांत खनिज लोखंड व कोळसा सुमारे 1000 अंश तापमानाला तापवला जातो. मे महिन्यात बाहेरची हवाही 43-44 अंशांवर गेलेली असते. या दोन आगींच्या मध्ये पाळीभर उभा राहतो तो बहुतांशी कंत्राटी कामगार. 26 सप्टेंबर 2025 रोजी येथील एका पोलाद कारखान्यात बांधकाम कोसळून सहा कामगार मृत्युमुखी पडले, तेव्हा निदान वर्तमानपत्रांनी दखल घेतली. ज्याची मूत्रपिंडे उष्णतेने वर्षानुवर्षे झिजत जातात तो गावी परतून मरतो, आणि त्याची नोंद कोणत्याही कारखान्याच्या दफ्तरी होत नाही.

मूत्रपिंडाची इजा सुरुवातीला दुखत नाही, हीच तिची खरी दगाबाजी. रक्तातील क्रिएटिनिन ही रूढ तपासणी. परंतु ते वाढलेले दिसेपर्यंत एक-दोन दिवस उलटून गेलेले असतात. मूत्रपिंडाच्या पेशींना मार बसताच काही तासांत लघवीत वाढणारी ‘एनगॅल’सारखी प्रथिने आता ओळखता येतात. अशा दोन प्रथिनांवर आधारलेल्या जलद चाचणीला अमेरिकेत 2014 मध्ये परवानगी मिळाली. एनगॅलच्या चाचणीला, तीही मुलांपुरती, 2023 च्या डिसेंबरात मिळाली. मूत्रपिंडतज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने 2013 मध्ये संकल्प सोडला होता की, 2025 पर्यंत तीव्र मूत्रपिंड इजेने टाळता येण्याजोगा एकही मृत्यू होऊ नये. ते वर्ष सरले. या नव्या चाचण्या अजून मुख्यतः मोठ्या रुग्णालयांच्या अतिदक्षता विभागांसाठीच आहेत, कारण बाजारपेठ तेथे आहे.

मग कामगारांनी त्या येईपर्यंत वाट पाहावी काय? मुळीच नाही. बोटातून थेंबभर रक्त घेऊन क्रिएटिनिन मोजणारी छोटी यंत्रे उपलब्ध आहेत. लघवीत बुडवायची कागदी पट्टी तर काही रुपयांत मिळते. मात्र येथे एक सावधगिरी हवी. उष्णतेने होणाऱ्या इजेत लघवीतून प्रथिन अनेकदा फारसे जातच नाही. म्हणून पट्टीवर प्रथिन दिसले नाही एवढ्यावरून ‘मूत्रपिंड ठणठणीत’ असा दाखला देणारा कारखान्याचा डॉक्टर अज्ञानाने किंवा सोयीने चूक करत असतो. त्याच पट्टीवरून लघवीचा दाटपणा कळतो. शरीरातले पाणी आटत चालल्याची ती सूचना आहे आणि तिचा उपयोग इजा होण्यापूर्वीच करता येतो. अंगदुखीसाठी टपरीवर मिळणाऱ्या वेदनाशामक गोळ्या अशा आटलेल्या शरीरात मूत्रपिंडावर दुहेरी आघात करतात, हेही सभांतून सांगितले गेले पाहिजे.

एल साल्वादोर व निकाराग्वातील ऊसतोड कामगारांत तरुण वयातच मूत्रपिंडे निकामी होत असल्याचे वैद्यकीय साहित्यात 2002 पासून नोंदले गेले. तेथे संशोधकांनी पाळीपूर्वी आणि पाळीनंतर अशा दोन वेळा तपासणी केली, आणि एका दिवसाच्या श्रमाने काय होते ते आकड्यांत दिसले. वर्षातून एकदा होणारी तपासणी हे कधीच दाखवू शकणार नाही. पाणी, विश्रांती आणि सावली यांची सक्ती केल्यावर इजा कमी झाली. औषध एवढे साधे आहे. महाग आहे ती विश्रांती, कारण ती उत्पादनाच्या तासांतून द्यावी लागते.

खरा प्रश्न येथे सुरू होतो. पट्टीचा रंग बदलला तर कंत्राटदार काय करील? दुसऱ्या दिवशी फाटकावर त्या कामगाराला ‘उद्यापासून येऊ नकोस’ असे सांगितले जाईल. असे घडणार असेल तर कामगार चाचणी टाळेल, आणि त्याला अडाणी म्हणण्याचा अधिकार कोणालाही नाही. 1948 च्या कारखाना कायद्यातील 29 व्यावसायिक आजारांच्या यादीत विषजन्य मूत्रपिंडदाह होता, उष्णतेने होणारी इजा नव्हती. 21 नोव्हेंबर 2025 पासून त्या कायद्याची जागा घेणाऱ्या संहितेनेही ती यादीत घेतलेली नाही. यादीत नाही म्हणून नोंद नाही, नोंद नाही म्हणून भरपाई नाही.

छत्तीसगडला याहून वेगळी परंपरा ठाऊक आहे. दल्ली राजहरा येथील लोहखाणींच्या मजुरांनी स्वतःच्या वर्गणीतून व श्रमातून उभारलेले शहीद रुग्णालय 1983 मध्ये सुरू झाले. 1977 च्या गोळीबारात पडलेल्या साथींचे नाव त्याला दिले आहे. शंकर गुहा नियोगी यांच्या राजकारणाशी ज्यांचे मतभेद होते, त्यांनीही हे काम नाकारलेले नाही. तेथे डॉक्टर कामगारांच्या संघटनेला उत्तरदायी होता, मालकाला नव्हे.

तेव्हा मागणी केवळ यंत्राची असून चालणार नाही. उन्हाळ्याच्या महिन्यांत पाळीपूर्वी आणि पाळीनंतर तपासणी व्हावी. निकाल कामगाराच्या हाती पडावा, आणि त्याच्या लेखी संमतीशिवाय तो कंत्राटदाराला दाखवला जाऊ नये. सक्तीच्या विश्रांतीची मजुरी मुख्य मालकाने द्यावी. निकालाच्या कारणावरून कोणाचेही काम जाऊ नये. उन्हाळ्यापूर्वीच्या मागणीपत्रांत ही कलमे घालणे सिलतऱ्यात जितके निकडीचे आहे तितकेच चंद्रपूरजवळच्या घुग्घुसच्या स्पंज आयर्न कामगारांतही आहे.