आठव्या हेन्रीची जमाबंदी

इंग्लंडच्या आठव्या हेन्रीने ॲन बुलीनच्या मोहापायी रोमशी वैर मांडले, ही कथा आम्हांस आता पुरे झाली आहे. पुत्राची निकड खरी. कॅथरिन राणीचा भाचा सम्राट चार्ल्स याच्या धाकाने पोप तिचा विवाह रद्द करीना, हेही खरे. परंतु ॲनशी लग्न लागले १५३३ साली, आणि धर्मगुरूंना कायद्याच्या कचाट्यात धरून एक लक्ष पौंड कबूल करविले ते १५३१ साली! १५३४ मध्ये राजा चर्चचा सर्वोच्च प्रमुख झाला. धर्माधिकाऱ्यांची पहिल्या वर्षाची प्राप्ती रोमऐवजी त्याच्या खजिन्याकडे वळली. १५३५ मध्ये साऱ्या धर्मसंस्थांच्या उत्पन्नाची पाहणी झाली. अशी पाहणी कशासाठी होते, हे दप्तरात केस पिकविलेल्या आमच्या वाचकांस सांगावयास नको. पुढल्याच वर्षी दोनशे पौंडांहून कमी उत्पन्नाचे मठ कायद्याने खालसा झाले. लहान मठांत पाप माजले आहे, मोठ्यांत धर्म उत्तम पाळला जातो, असे त्या कायद्यातच लिहिले होते. पापाला उत्पन्नाची मर्यादा असते, हा शोध अपूर्वच! १५४० पर्यंत ते मोठे मठही उरले नाहीत.

याला धर्मसुधारणा म्हणणाऱ्यांनी १५३९ ची सहा कलमे वाचावीत. धर्मगुरूंच्या ब्रह्मचर्यापर्यंत जुनीच मते त्यांत कायम आहेत. जमिनी मात्र विकल्या गेल्या. कन्या मेरीने १५५४ साली पोपची सत्ता परत आणली, तेव्हा खरेदीदारांनी त्या सोडल्या नाहीत, आणि पोपच्या प्रतिनिधीनेही त्या त्यांच्याकडेच राहू दिल्या.