मुहूर्त झाडाचा की फायलीचा?

झाडे लावायची ती पावसाळ्यात, हे आपल्या अंगात पुरते भिनले आहे. कन्हैयालाल मुन्शी यांनी १९५० साली वनमहोत्सव सुरू केला तोही जुलैतच, आणि आपल्या सह्याद्रीसाठी तो मुहूर्त योग्यच आहे.

परंतु हा देश लडाखपर्यंत पसरलेला आहे. साडेअकरा हजार फुटांवरच्या लेहमध्ये वर्षाकाठी जेमतेम शंभर मिलिमीटर पाऊस पडतो. तिथे जुलैची वाट पाहून काय मिळणार? तिथला हंगाम वसंतातला. गोठलेली माती मोकळी झाली आहे, पण रोपाचे डोळे अजून फुटलेले नाहीत, असे ते मोजके दिवस. तेव्हा लावलेल्या रोपाला मुळे धरायला सगळा उन्हाळा मिळतो. उशिरा, थंडीच्या तोंडावर लावले, तर रुजण्यापूर्वीच जमीन गोठते. पॉपलर आणि विलो (आपल्या वाळुंजाचा भाऊबंद) ही तिथली झाडे. घराच्या छताला तुळया आणि काटक्या त्यांच्याच.

मेख अशी की एप्रिल-मेमध्येच तिथे पाण्याची ओढ असते, कारण उंचावरच्या हिमनद्या उशिरा पाझरतात. म्हणून अभियंते चेवांग नोर्फेल यांनी हिवाळ्यात वाहून जाणारे पाणी गावांजवळ गोठवून ठेवले. सोनम वांगचुक यांनी २०१३-१४च्या हिवाळ्यात बर्फाचा स्तूप उभारला तोही याचसाठी. माझ्या भाषेत ही पाण्याची मुदत ठेव, ऐन गरजेला हाती येणारी.

बँकेत असताना मी एका शेतकऱ्याचे पीककर्ज मंजूर केले होते. कागदपत्रे चोख होती, सह्या जागच्या जागी होत्या. मात्र रक्कम हातात पडली तेव्हा पेरणी उलटून गेली होती. तो काही बोलला नाही. त्याचे ते न बोलणे मला अजून आठवते.

सरकारी वर्ष ३१ मार्चला संपते आणि थंड मुलखातली लागवड त्याच सुमारास तोंडावर येते. जुना पैसा खर्ची टाकण्याची घाई आणि नव्याची प्रतीक्षा, या दोहोंच्या मध्ये तो हंगाम सापडतो. आपल्याला आकड्यांचे प्रेम फार. महाराष्ट्राने २०१९ साली तेहतीस कोटी झाडांचा संकल्प सोडला होता. झाडे किती लावली हे आपण विचारतो, कधी लावली हे विचारत नाही. थंड प्रदेशासाठीचा पैसा आधीच्या शरदातच गावाच्या हाती द्यावा, तारीख गावाने ठरवावी, आणि झाडांची मोजणी पुढचा हिवाळा सरल्यावर करावी. जगलेले झाड तेवढेच जमेस धरावे.