शिलोहाचा बुरूज आणि भिवंडीची इमारत

भिवंडीच्या पटेल कंपाऊंडमधील जिलानी इमारत २१ सप्टेंबर २०२० रोजी पहाटे, सारी वस्ती झोपेत असताना कोसळली आणि जवळजवळ चाळीस माणसे तिच्याखाली प्राणास मुकली. मृतांत लहान मुलेही होती. ढिगाऱ्यापाशी आपल्या माणसाची वाट पाहत उभ्या असलेल्याच्या तोंडून अशा वेळी 'देवाची मर्जी' हे शब्द निघाले, तर त्यात आक्षेप घेण्याजोगे काही नाही. शोकाला कोणता तरी आधार लागतोच. परंतु हेच शब्द घरमालक, कंत्राटदार किंवा अधिकारी यांच्या तोंडी आले की त्यांचा अर्थ पालटतो. मराठी मुलखाने संकटांची 'अस्मानी' आणि 'सुलतानी' अशी विभागणी फार पूर्वीच करून ठेवली आहे. सुलतानीवर अस्मानीचा शिक्का मारून मोकळे होण्याची सोय मात्र अलीकडे फारच वाढली आहे.

ईश्वराचे सामर्थ्य अमर्याद आणि माणसाचे तोकडे, हे सर्वच धर्म सांगतात. येथे ख्रिस्ती विचाराकडे वळण्याचे कारण एवढेच की, त्याच्या मूळ ग्रंथातच एक इमारत कोसळते. लूकच्या शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायात यरुशलेममधील शिलोहाचा बुरूज पडून १८ माणसे ठार झाल्याचा उल्लेख आहे. मेलेली माणसे अधिक पापी असली पाहिजेत, असा त्या काळचा सार्वत्रिक समज होता. येशूने तो साफ नाकारला आणि ऐकणाऱ्यांनाच स्वतःच्या वर्तनाकडे पाहावयास लावले. मेलेल्यांच्या पापांचा हिशेब जिवंतांनी मांडू नये, आपला मांडावा, असा त्याचा रोख आहे. देवाने बुरूज का सावरला नाही, याचा खुलासा मात्र तो करीत नाही. याच येशूने मंदिराच्या शिखरावरून उडी टाकण्यास पूर्वी नकार दिला होता. देव झेलील या भरवशावर उडी घेणे ही श्रद्धा नव्हे, ती देवाची परीक्षा पाहणे होय, अशी त्याची भूमिका होती. तडे गेलेल्या खांबाखाली भाडेकरू ठेवून दरमहा भाडे घेणारा तर ही परीक्षा दुसऱ्याच्या जिवावर पाहत असतो.

देव सर्वसमर्थ असेल तर त्याने हे घडू का दिले, हा प्रश्न यामुळे संपत नाही, आणि तो संपला असे भासविणारे प्रवचनकार श्रद्धेचे फारसे भले करीत नाहीत. इयोबालाही उत्तर मिळाले नाही. उलट पृथ्वीचा पाया घातला गेला त्या वेळी तो कोठे होता, असे त्यालाच विचारण्यात आले. पृथ्वीच्या पायाचा जाब माणसाला देता येत नाही, हे खरेच. घराच्या पायाचा मात्र द्यावा लागतो. चर्चमध्ये म्हटल्या जाणाऱ्या प्रेषितांच्या विश्वासांगीकाराचा आरंभ सर्वसमर्थ पित्यापासून होतो, आणि काही ओळींतच पंतय पिलात या एका रोमन अधिकाऱ्याचे नाव येते. ईश्वराची सत्ता अमर्याद मानणाऱ्यांनी त्या सत्तेच्या आड या अधिकाऱ्याला लपू दिले नाही. लोकांसमोर हात धुऊन तो मोकळा झाला होता. पण दोन हजार वर्षे त्याचे नाव प्रार्थनेच्या वेळी उच्चारले जात आहे.

या विचाराचे महाराष्ट्रातील सर्वांत ठळक उदाहरण पंडिता रमाबाईंचे. १८७० च्या दशकात दुष्काळाच्या हालांत आईवडील आणि बहीण गमावलेल्या या बाईंना माणसाचे तोकडेपण कोणी शिकवावे लागले नव्हते. प्रार्थनेवर त्यांची निष्ठा इतकी गाढ होती की अनेक सुधारकांना ती अडचणीची वाटे. परंतु १८९६-९७ च्या दुष्काळात त्या प्रार्थना करीत पुण्यात बसून राहिल्या नाहीत. मध्य प्रांतात जाऊन उपाशी, निराधार मुली त्यांनी गोळा केल्या आणि केडगावला आणल्या. १९०० च्या सुमारास मुक्तिसदनात जवळजवळ दोन हजार स्त्रिया व मुले होती. त्यांना जेवू घालण्यासाठी शेती होती, हाताला काम होते, छापखानाही होता. उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी बायबलचे मराठी भाषांतर केले. १९२१ मध्ये त्यांची एकुलती कन्या मनोरमा वारली, तरी ते काम थांबले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंचे निधन झाले. सारे काही देव करतो, असे मानणारी ही बाई स्वतः काय करायचे राहिले आहे, याची यादी रोज डोळ्यांसमोर ठेवून जगली, असेच म्हणावे लागते.

शिलोहाच्या प्रसंगाला लागूनच लूकने अंजिराच्या झाडाची गोष्ट सांगितली आहे. झाड फळ देत नाही म्हणून मालक ते तोडावयास सांगतो आणि माळी एक वर्षाची मुदत मागतो. हा माळी नुसती दयेची याचना करीत नाही. मुळाभोवती खणीन, खत घालीन, असे कामही तो त्याच वेळी कबूल करतो. पावसाळ्यापूर्वी धोकादायक इमारतींच्या याद्या निघतात, नोटिसा डकवल्या जातात, त्या याच अर्थाने मुदती असतात. भाडेकरूला दुसरीकडे जागा नसते, मालकाला खर्च नको असतो, आणि पावसाळा सरला की यादी फायलीत जाते. भिवंडीलाही २०२० नंतर मुदत मिळाली होती. २९ एप्रिल २०२३ रोजी तालुक्यातील वळपाडा येथे आणखी एक इमारत कोसळली, आणि तिच्याखालीही माणसे मेली.