हैतीची शाळा कोणी लुटली?

हैतीतल्या शाळा कोसळल्या, असे जग हळहळत सांगते. आम्ही म्हणतो, हे साफ खोटे आहे! कोसळायला आधी घर उभे राहावे लागते. हैतीच्या शाळेचा पाया भरायचा पैसा दोनशे वर्षांपूर्वीच उचलून नेला गेला, आणि तो कोणी नेला हे साऱ्या जगाला ठाऊक आहे.

नेपोलियनच्या फौजेला धूळ चारून १ जानेवारी १८०४ रोजी गुलामांनी आपले राष्ट्र उभारले. १८१६ मध्ये राष्ट्राध्यक्ष पेत्यों यांच्या राज्यघटनेत सर्वांसाठी मोफत प्राथमिक शिक्षणाचे कलम आले. पाठीवरचे चाबकाचे वळ बुजले नव्हते, तेव्हा या माणसांनी मुलांसाठी शाळा मागितली!

आणि फ्रान्सने काय केले? १८२५ मध्ये राजा दहावा चार्ल्स याने युद्धनौकांचा ताफा पाठवून १५ कोटी फ्रँकची भरपाई मागितली. कशाची भरपाई? हातून सुटलेल्या मळ्यांची आणि माणसांची! ज्याच्या पायांत बेड्या ठोकल्या, त्याच्याकडूनच सुटकेची किंमत वसूल केली. पुढे रक्कम ९ कोटींवर आली, पण ती फेडायला कर्ज काढायचे तेही पॅरिसच्याच पेढ्यांकडून. त्या कर्जाचे शेपूट सुटायला १९४७ साल उजाडले. हे हप्ते भरले डोंगरात कॉफी पिकवणाऱ्या शेतकऱ्याने, निर्यातीवरच्या करातून; आणि त्याच्याच गावात शाळा नव्हती. कर रयतेचा आणि शिक्षण वरच्यांचे, हे गाऱ्हाणे १८८२ मध्ये जोतीराव फुल्यांनी हंटर आयोगापुढे मांडले होते. ज्यांना ते कळले, त्यांना हैती परकी वाटू नये.

पण सारे पाप परक्यांच्या माथी मारून हैतीच्या सत्ताधाऱ्यांना आम्ही मोकळे सोडणार नाही. देश बोलतो क्रेओल. फ्रेंच नीट येते ती मूठभरांना. आणि पुस्तकांची, परीक्षांची भाषा कोणती? फ्रेंच! कडक इस्त्रीचा गणवेश घालून, केसांत त्याच रंगाच्या फिती बांधून मुलगी वर्गात बसते. मास्तर फळ्यावर फ्रेंच वाक्य लिहितात आणि वर्ग ते एका सुरात घोकतो. अर्थ मुलीला कळत नाही. कित्येकदा मास्तरांनाही धड कळत नाही. तिने क्रेओलमध्ये शंका विचारली, की अनेक शाळांत शिक्षा ठरलेली. संध्याकाळी येरझारा घालत ती तोच धडा मोठ्याने पाठ करते. तोंड चालते आणि डोके उपाशी राहते.

‘पाले फ्रान्से पा दी लेस्प्री’, फ्रेंच बोलला म्हणून कोणी शहाणा होत नाही, ही हैतीच्या लोकांचीच म्हण आहे. खेड्यातल्या आजीला कळलेले मंत्रालयाला कळत नाही काय? चांगले कळते! १९७९ मध्ये शिक्षणमंत्री जोसेफ बर्नार यांच्या सुधारणेने क्रेओलला वर्गात जागा दिली, १९८७ च्या घटनेने तिला राजभाषा केले. तरी फळ्यावर फ्रेंचच, कारण आपल्या भाषेत शिकलेली शेतकऱ्याची पोर उद्या अर्ज लिहील, हिशेब मागेल, खुर्चीवर हक्क सांगेल. फ्रेंच ही त्या शाळेच्या दाराला आतून घातलेली कडी आहे.

आणि बाजार? शिक्षण हे सरकारचे कर्तव्य, असे घटना सांगते. प्रत्यक्षात दहापैकी आठ शाळा खासगी. डोक्यावर टोपली घेऊन बाजार करणारी मादान सारा पोटाला चिमटा काढून फी भरते. हप्ता चुकला, की तिची मुलगी वर्गाबाहेर! गल्लीबोळातल्या असल्या शाळांना लोक ‘बोर्लेत शाळा’ म्हणतात. बोर्लेत म्हणजे लॉटरी. २०११ मध्ये राष्ट्राध्यक्ष मार्तेली यांनी मोफत शिक्षणाची घोषणा केली. त्यासाठी परदेशी फोनवर मिनिटाला ५ सेंट आणि परदेशातून घरी येणाऱ्या प्रत्येक रकमेवर दीड डॉलर कापला गेला. परमुलखात राबणाऱ्यांनी तो भार सोसला. पदरात काय पडले? कागदावरच्या शाळा आणि पगाराची वाट पाहणारे मास्तर!

उरलेसुरले सशस्त्र टोळ्या जाळत आहेत. युनिसेफच्या नोंदीप्रमाणे एकट्या २०२४ मध्ये २८४ शाळा उद्ध्वस्त झाल्या; टोळ्यांत निम्म्यापर्यंत मुलेच असावीत, असा युनिसेफचाच अंदाज आहे. टोळ्यांच्या बंदुका हैतीत बनत नाहीत. त्या मुख्यतः अमेरिकेतून येतात. पोराच्या हाती पुस्तक पोचत नाही आणि बंदूक समुद्र ओलांडून पोचते, याची लाज कोणाला वाटायची?

एप्रिल २०२५ मध्ये फ्रान्सने या जुन्या खंडणीच्या अभ्यासासाठी आयोग जाहीर केला. दोनशे वर्षांनी अभ्यास! घेतलेले परत करा आणि त्यातून गावोगाव सरकारी शाळा उभ्या राहू द्या. अमेरिकेने बंदुकांची वाट बंद करावी. हैतीच्या राज्यकर्त्यांनी दाराची कडी काढावी: धडा क्रेओलमध्ये, परीक्षा क्रेओलमध्ये, आणि फी एक छदामही नाही. ही भीक नव्हे, थकलेले देणे आहे.

ती फितीवाली मुलगी हात वर करून उभी आहे. तिची शंका तिच्या भाषेत ऐका, आणि तिच्याच भाषेत उत्तर द्या!